हाक मारली तर

गेल्या आषाढातली गोष्ट. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आम्ही वितळलेल्या धातूचा रस साच्यात ओतायचं ऑटोमॅटिक मशिन बसवत होतो. भट्टीवरून लॅडल, म्हणजे रसाचं भांडं, भरून घ्यायची, रुळावरून साच्यासमोर आणायची, हवी तेवढी झुकवायची, साचा भरला की सरळ करून पुढच्या साच्याकडे सरकायचं, एवढंच त्याचं काम. इतकी वर्षं ते माणसं करत होती. लांब दांड्याची लॅडल दोघांनी धरायची, एक पुढे, एक मागे, आणि पावलाला पाऊल मिळवत चालायचं. त्यांच्यातले एक वयस्कर मामा रोज चहाच्या सुट्टीत मशिनसमोर येऊन उभे राहायचे. खांद्यावर टॉवेल, हातांवर जुन्या ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. बोलायचे काही नाहीत. शेवटच्या चाचणीच्या दिवशी मात्र मला म्हणाले, “साहेब, ह्येला हाक मारली तर थांबतंय का?”

मी त्यांना सगळं नीट दाखवलं. दोन्ही बाजूंची लाल इमर्जन्सी बटणं, मध्ये हात घातला तर किरण तुटून मशिन बंद पाडणारा लाइट कर्टन, रसाची पातळी बघणारा सेन्सर. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बटन झालं. पर बटनापाशी कोन नसंल तर? मी हितनं ‘थांब’ म्हनलो, तर थांबंल का?” मी म्हणालो, “नाही मामा. त्याला ऐकू येत नाही.” “आसं व्हय,” म्हणाले आणि चहाला निघून गेले. आवाजात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. त्यांना जे समजून घ्यायचं होतं ते त्यांनी समजून घेतलं होतं.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. संध्याकाळी पंचगंगेच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, खाली गढूळ पाणी पात्राबाहेर पसरलेलं होतं, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून तेच ते घोळवत होतो. बारा-तेरा वर्षं मी हे काम करतोय. एवढ्या वर्षांत मशिन किती वेगाने चालेल हे मला विचारलं गेलं, किती माणसं कमी होतील हे विचारलं गेलं, बिघडलं तर किती तासांत दुरुस्त होईल हेही. हाकेचं कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री जेवण झाल्यावर मी एकटाच बसून ‘टर्मिनेटर २’ लावला. भविष्यातून आलेल्या दोन यंत्रांचा सिनेमा: टी-१००० हे जॉन नावाच्या पोराला मारायला आलेलं, आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर झालाय ते दुसरं, जॉनला आणि त्याच्या आईला, साराला, वाचवणारं. नेमका हाच का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. फाउंड्री आणि हा सिनेमा माझ्या मनात लहानपणापासून एकमेकांना चिकटलेले आहेत, एवढंच.

पहिल्यांदा पाहिला तो १९९६ च्या उन्हाळ्यात. अमेरिकेत तो १९९१ च्या जुलैमध्ये लागलेला, आमच्या गल्लीत पोचायला पाच वर्षं लागली. केबलवाला रात्री दहानंतर त्याच्या चॅनेलवर कॅसेट लावायचा. चित्र मध्येच वाकडं व्हायचं, खाली त्याच्या दुकानाची जाहिरात सरकत राहायची. आबा दुसऱ्या शिफ्टवरून आले होते, अंघोळ करून पायरीवर भिंतीला टेकून बसलेले. त्यांनी आयुष्यभर फाउंड्रीतच काम केलं. आधी फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, मग मेल्टिंगला. इंग्रजीतलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं आणि मलाही फारसं कळत नव्हतं. तरी आम्ही दोघं शेवटपर्यंत बसलो, कारण शेवट त्यांच्याच जागी घडत होता.

तो पोलादाचा कारखाना कॅलिफोर्नियातल्या फोंटानाचा. दुसऱ्या महायुद्धात जहाजांना पोलाद लागत होतं म्हणून हेन्री कैसरने उभा केलेला, आणि १९८३ मध्ये बंद पडलेला. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने तिथे चित्रीकरण केलं तेव्हा भट्ट्या थंड होऊन बरीच वर्षं झाली होती. पडद्यावर जी धग दिसते ती दिव्यांची आणि धुराची. पुढे त्या कारखान्याचे भाग सुटे करून चीनला नेले. हे सगळं मी फार नंतर वाचलं. त्या रात्री मात्र आबा टीव्हीकडे झुकून बघत होते, आणि द्रवरूप नायट्रोजनचा टँकर कारखान्यात घुसून आडवा झाला, पांढरा धूर पसरला, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती कामगारांची. “मानसं पळाली न्हवं सगळी?” पळाली होती. हेल्मेटवाली माणसं क्षणभर दिसतात आणि निघून जातात. सिनेमाला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. आबांना होतं. टी-१००० रसात पडून तडफडायला लागला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मानूस असा बुडत न्हाई त्यात. वरच ऱ्हातो.” आणि गप्प झाले. रस माणसापेक्षा कितीतरी जड असतो हे मी पुढे कॉलेजात शिकलो. आबांना ते कसं माहीत होतं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

मग तो शेवट. अर्नोल्ड साखळीला धरून रसाच्या वर उभा. आपल्याला स्वतःचा नाश करता येत नाही, तुम्हीच मला खाली सोडा, असं तो सांगतो. सारा त्याच्याशी हात मिळवते आणि होइस्टचं बटण दाबते. तो हळूहळू खाली जातो, पाय, कंबर, छाती, चेहरा, आणि सगळ्यात शेवटी वर उरलेल्या मुठीतून अंगठा उभा राहतो. मला रडू येत होतं. आबा एकदम ताठ बसले.

“वर घे म्हनतोय की त्यो! कोन घेत कसं न्हाई?”

त्यांच्या शॉपमध्ये क्रेनवाल्याला अंगठा वर दाखवला की माल वर घ्यायचा, खाली दाखवला की सोडायचा. एवढ्या आवाजात दुसरी भाषाच नव्हती. सगळं ठीक आहे, काळजी करू नका, असं सांगणारा तो अंगठा आबांना कधी दिसलाच नाही. त्यांना दिसला तो रसात बुडणारा एक जण, जो वर घ्या म्हणतोय, आणि बटण हातात असलेली बाई, जी त्याला वर घेत नाही. मी त्यांना समजावलं, की आबा, त्याला स्वतःलाच जायचं होतं. त्यांनी मान हलवली, पण झोपायला जाताना पुन्हा म्हणाले, “बटन तिच्याच हातात हुतं की रं.”

मामांच्या प्रश्नानंतर त्या रात्री मी हा सिनेमा पाहत होतो, तेव्हा मारामारी, ट्रक, मोटरसायकल हे सगळं मागे पडलं आणि माझे कान नुसत्या हाकांकडे लागले. किती हाका आहेत यात! दहा वर्षांच्या जॉनला कळतं की हे यंत्र आपण सांगू ते ऐकतं, तेव्हा तो खूश होऊन त्याला एका पायावर उभं करतो. पुढच्याच मिनिटाला तेच यंत्र मदतीला आलेल्या माणसावर पिस्तूल रोखतं, आणि जॉन जिवाच्या आकांताने त्याचा हात बाजूला ढकलतो. मग तो त्याला बजावतो, माणसं मारायची नाहीत. यंत्र विचारतं, का? जॉनकडे कारण नाही. नाही म्हणजे नाही, एवढंच त्या पोराला सांगता येतं. पण यंत्र ते पाळतं. सायबरडाइन कंपनीच्या इमारतीबाहेर पोलिसांच्या गाड्यांची चाळण करताना त्याच्या डोळ्यांतल्या पडद्यावर मेलेल्यांचा आकडा शून्य येतो. कारण न कळताही त्याने पोराची हाक धरून ठेवली.

आणि टी-१००० कुणाच्याच हाकेला थांबत नाही, पण हाका चोरतो. जॉनला सांभाळणाऱ्या बाईच्या आवाजात तो फोनवर गोड बोलतो. पळताना त्याचा दम लागत नाही. टी-१००० झालेल्या रॉबर्ट पॅट्रिकने त्यासाठी नाकाने श्वास घेत धावायचा सराव केला होता. तो वेड्यांच्या इस्पितळाच्या गजांतून आरपार निघतो तेव्हा जो ओला, घरंगळता आवाज येतो, तो ध्वनिकार गॅरी रिडस्ट्रॉमने डब्यातून बाहेर घसरणाऱ्या कुत्र्याच्या खाण्यातून मिळवला. लोक या सिनेमातलं संगणकाचं काम अजून नावाजतात, आणि ते आहेच तसं. ते सगळं मिळून जेमतेम पाच मिनिटांचं, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. पण माझ्या अंगावर आता काटा येतो तो वेगळ्याच ठिकाणी. फोंटानाच्या त्या कारखान्यात टी-१००० साराच्या खांद्यात पातं खुपसतो आणि सांगतो, जॉनला हाक मार. दुखतंय हे मला माहीत आहे, हाक मार. ती मारत नाही. आजवरच्या सगळ्या पाहण्यांत मी हा क्षण पाठलागाच्या भरात ओलांडून जात होतो. पोराचा जीव वाचवायचा तर आईने त्याला हाक मारायची नाही! मग तो स्वतःच सारा होतो आणि तिच्या आवाजात जॉनला बोलावतो. खरी सारा मागून येते, पडद्यावर एकाच वेळी दोन आया दिसतात. सारा झालेल्या लिंडा हॅमिल्टनला खरोखरची जुळी बहीण होती, लेस्ली. तिला उभं करून ते साधलं.

लिंडा हॅमिल्टनची आणखी एक गोष्ट मी आबांना सांगितली होती. लिफ्टमधल्या गोळीबाराच्या वेळी ती कानात बोळे घालायला विसरली आणि तिच्या एका कानाची ऐकू येण्याची ताकद कायमची कमी झाली. आबांनी आपल्या डाव्या कानाला हात लावला. तो त्यांचा फेटलिंगच्या ग्राइंडरांनी नेलेला कान. आता घरात त्यांना हाक मारायची तर उजवीकडून जावं लागतं.

या सगळ्या हाकांत दोन नकार आहेत. पहिला आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो, अर्नोल्ड गाडी चालवताना सांगतो तेव्हा. स्कायनेट या लष्करी संगणकयंत्रणेला जाग येते, घाबरलेली माणसं त्याला बंद करायला धावतात, आणि स्कायनेट बंद होत नाही. ते रशियावर क्षेपणास्त्रं सोडतं. जॉन विचारतो, पण ते तर आता आपले मित्र आहेत ना? (सोव्हिएत संघ तेव्हा अजून कागदावर शिल्लक होता, सिनेमा लागल्यानंतर सहा महिन्यांच्या आत तो संपला.) दुसरा नकार शेवटी. जॉन रडत ओरडतो, जाऊ नकोस, हा माझा हुकूम आहे. एका पायावर उभं राहणारं, का ते न कळताही न मारणारं ते यंत्र या एका हुकमाला मात्र ऐकत नाही. पहिल्या नकाराने तीन अब्ज माणसं मरतात. दुसऱ्यासाठी आपण रडतो. दोन्हीकडे माणूस ‘थांब’ म्हणालाय आणि दोन्हीकडे यंत्र थांबलेलं नाही. मी रिमोट हातात घेऊन बराच वेळ तसाच बसलो. मामांना मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला तेव्हाही सुचलं नाही.

२६ सप्टेंबर १९८३ ला, म्हणजे पहिला ‘टर्मिनेटर’ लागायच्या वर्षभर आधी, मॉस्कोजवळच्या एका बंदिस्त केंद्रात स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह नावाचा अधिकारी रात्रपाळीला होता. उपग्रहाच्या यंत्रणेने सांगितलं, अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलंय. मग आणखी चार. यंत्रणा खात्रीने सांगत होती. पेत्रोव्हने वर कळवलं की इशारा खोटा आहे. हल्ला करायचाच तर कुणी पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, असं त्याला वाटलं. उंचावरच्या ढगांवरून परतलेलं ऊन यंत्रणेने क्षेपणास्त्र समजलं होतं. मला या माणसाचा विचार येतो तेव्हा त्याची खुर्ची डोळ्यांसमोर येते. तिथे कुणीतरी बसलेलं होतं, एवढ्यावर सगळं निभावलं. आज ती खुर्चीच काढून टाकायची का, यावर जिनिव्हात २०१४ पासून देशोदेशींचे प्रतिनिधी बोलताहेत. स्वतःच लक्ष्य निवडणाऱ्या आणि स्वतःच मारणाऱ्या शस्त्रांबद्दल २०२३ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला. १५२ देशांनी बाजूने मत दिलं, चार देशांनी विरोधात, आणि त्या चारांत आपण होतो. चर्चा जिनिव्हातच चालू राहावी, समांतर वाटा नकोत, अशी आपली भूमिका. तिच्यामागची कारणं मला समजतात. तरी त्या चारांत आपलं नाव वाचताना बरं वाटलं नाही.

सिनेमात जगबुडीची तारीख २९ ऑगस्ट १९९७ आहे. स्कायनेटला जाग येते ती अमेरिकेच्या पूर्वेकडच्या घड्याळात पहाटे दोन वाजून चौदा मिनिटांनी. मी आठवीत होतो आणि ते गणित मांडून ठेवलं होतं: आपल्याकडे सकाळचे अकरा चव्वेचाळीस. श्रावणातला शुक्रवार होता. आईने सकाळी भिंतीवरच्या जिवतीच्या कागदाला आघाडा-दुर्वांची माळ घातली होती, दूध-साखरेचा आणि चणे-फुटाण्यांचा नैवेद्य ठेवला होता. मला ओवाळलं आणि शाळेत पाठवलं. वर्गात भूगोलाचा तास चालू होता. मी बाईंच्या मागच्या घड्याळाकडे बघत राहिलो. चव्वेचाळीस झाले. पंचेचाळीस झाले. पाऊस पडत होता. घरी आलो तर उंबऱ्याजवळ तांदळाचे चार दाणे पडलेले. माझी बहीण तेव्हा सांगलीला मावशीकडे शिकत होती. जी पोरं घरात नाहीत त्यांच्यासाठी जिवतीला आई चारी दिशांना अक्षता टाकते, जिकडे असेल तिकडे सुखरूप राहू दे म्हणून. सारा कॉनरने तारेच्या कुंपणाला धरून, खेळणाऱ्या पोरांना ओरडून सांगायचा प्रयत्न केला होता. स्वप्नातही तिचा आवाज पोचला नाही. आमच्या आईला ओरडायची गरज पडली नव्हती. हे मला आठवीत सुचलं नाही. परवा, तो प्रसंग पुन्हा पाहताना सुचलं, आणि मी सिनेमा थांबवून आतल्या खोलीत जाऊन आलो. आई झोपली होती.

माझं काम सोडून मला डायसनचा विचार करता येत नाही. सायबरडाइनचा तो अभियंता, ज्याच्या चिपमधून पुढे स्कायनेट होणार आहे. दुष्ट नाही. रात्री घरी बसून काम करणारा, बायकोने पोरांना वेळ द्या म्हटलं की ओशाळणारा. सारा त्याला मारायला बंदूक रोखते आणि त्याच्या पोराची खेळण्यातली गाडी येऊन त्याच्या पायाला लागते. तो वाकतो म्हणून गोळी चुकते. जे मी अजून केलंच नाही त्याचा दोष मला कसा देता, असं तो म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. तरी तो त्यांच्याबरोबर जाऊन स्वतःचं सगळं काम पेटवून देतो. गोळ्या लागून खाली पडल्यावर त्याच्या हातात एक जड तुकडा असतो, स्फोटाच्या बटणावर धरलेला. हात खाली आला की सगळं उडेल. पोलीस आत येतात, त्याची अवस्था बघतात, मागे फिरतात. तो त्यांना वेळ देतोय. छाती भरभर हलते, तोंडातून तुटक, कोरडा श्वास येतो, एक, मग एक, मग बराच वेळ काही नाही. हात हवेतच. मग तो खाली येतो. स्वतः बनवलेली गोष्ट थांबवायला इथे माणसाचा श्वास थांबावा लागला.

पुढच्या सोमवारी मी मशिनच्या रुळाशेजारून एक दोरी ताणून घ्यायचं सुचवलं, लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठूनही ओढली की मशिन थांबेल. खर्च फार नव्हता. मालकांनी होकार दिला. मामांना दाखवली तेव्हा त्यांनी दोरी बोटांत धरून जरा ओढून बघितली आणि म्हणाले, “हां. आता बरं हाय.” पण माझं मन भरलं नव्हतं. दोरी ओढणं वेगळं आणि हाक वेगळी.

रविवारी घरी आबांच्या उजव्या बाजूला बसून मी विचारलं, “आबा, तुमच्या शॉपमध्ये एवढा आवाज. लॅडल घेऊन जाताना मागच्याने थांब म्हटलं तर पुढच्याला ऐकू कसं यायचं?”

आबांना प्रश्नच कळेना. मी पुन्हा विचारला. तेव्हा म्हणाले, “ऐकू कुठं येतंय? दांड्यातनं कळायचं.”

तेवढ्यात आईने हाक मारली. श्रावण दोन दिवसांवर आला होता, जिवतीची भिंत झाडून घ्यायची होती आणि तिच्यापुढची लोखंडी कॉट हलवायची होती. मी डोक्याकडची बाजू उचलली, आबांनी पायाकडची. वय शहात्तर, तरी ऐकेनात. मी पाठमोरा, ते मागे. दारापर्यंत आलो आणि कॉटचा पाइप माझ्या हातात एकदम जड झाला. मी जागच्या जागी थांबलो. मागे वळून पाहिलं तर आबांची चप्पल उंबऱ्यात अडकली होती. त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. पाय सोडवला, चप्पल नीट केली, आणि पाइप पुन्हा हलका झाला.